मामांचे ओठ

दि. १२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

खरं तर फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही माझं प्रत्येक वाक्य माझ्याआधी संपवता, आणि आजचं वाक्य मला माझं मलाच संपवायचं आहे. म्हणून पत्र.

आधी चांगलं सांगते. माझ्या लघुपटासाठी तुम्ही आणि मामी एवढा प्रवास करून आलात, मैत्रिणीच्या रिकाम्या होत चाललेल्या घरात दोन दिवस खोक्यांच्या मधे बसून राहिलात, तोच गार चहा पुन्हा पुन्हा प्यायलात आणि दर वेळी पहिला घोट घेतल्यासारखं तोंड केलंत. वर्गातली पोरं अजून तुमचं कौतुक करतात. मामीला तर समोर कॅमेरा आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं की काय, अशी शंका येते. घर सोडायच्या आदल्या दिवशी सामान बांधणारं जोडपं, ती बोलते आणि तो ऐकतो, एवढीच आपली गोष्ट. ती मामीनं झकास पेलली आहे.

आता वाईट. काल सगळं चित्रीकरण मोठ्या पडद्यावर लावून पाहिलं. मामी बोलते तेव्हा तुमचे ओठ हलतात. एखाद्या ठिकाणी नाही, प्रत्येक वाक्याला! आवाज अजिबात नाही, त्यामुळे आवाज घेणाऱ्या पोराला पत्ता लागला नाही, आणि मी कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर मामीलाच बघत बसले होते. नाटक मंडळात जन्मभर प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवलीत, ती सवय इथंही सोबत घेऊन आलात. एका ठिकाणी तर मामीचं वाक्य तुम्ही तिच्याआधी संपवलंय.

पुन्हा चित्रीकरण करता येणार नाही, त्या घरात आता दुसरी माणसं राहायला आली आहेत. संकलन शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, की त्या माणसाची पाठ आणि हात ठेव, चेहरा काढून टाक. या लघुपटावर माझं वर्ष अवलंबून आहे. पण तुम्हाला न विचारता तुमचा चेहरा कापायला माझा हात धजत नाही.

खुशाल रागवा, पण लोभ होता तेवढाच ठेवा.

तुमची,
भिंगरी

दि. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतका हसलो, की मामी शिवणयंत्र थांबवून बघायला आली. ओठ हलतात हे मला ठाऊकच नव्हतं. ऑफिसात सांगितलं, तर शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले, की साहेबांच्या भाषणालाही हलतात. तरीच साहेब मला एवढा भाविक श्रोता समजतात.

तू बिनधास्त काप. त्यात विचारायचं काय? पाठ तर पाठ. चेहऱ्यापेक्षा माझी पाठ बरी, असं पुष्कळांचं मत आहे. अगं, मला विंगेत उभं राहायलाच आवडतं. नट अडला की हळूच शब्द पुढं सरकवायचा, टाळी त्याला पडली की आपण मागच्या मागं पाणी प्यायला जायचं. मला ते पुरतं. तू पास हो, बाकी सगळं झूट.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद भरपूर पाठवले आहेत, त्यांना मात्र कात्री लावू नकोस.

तुझा,
मामा

दि. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. यांनी तुला जे लिहिलंय त्यावर काडीचा विश्वास ठेवू नकोस. हसले कुठले! पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसले. कुंड्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं. तुझ्याकडून परत आल्यापासून हा माणूस हवेत होता. न्हाव्याला सांगून झालं, दुकानदाराला सांगून झालं, दातांच्या डॉक्टरांना तर तोंडात अवजार असताना सांगितलं. आता त्याच सगळ्यांना सांगत फिरताहेत, की बघण्यासारखं त्यात काही नाही. मला फार वाईट वाटतं गं.

काप किंवा कापू नको, असं मी म्हणणार नाही. तुझ्या वर्षाचा प्रश्न आहे आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालते. कप कागदात गुंडाळताना मी पार कोरी झाले होते. पुढचं काही केल्या आठवेना. मी यांच्याकडे पाहिलं, यांच्या ओठांवर माझं वाक्य होतं, ते उचललं आणि पुढं गेले. नंतर तू धावत येऊन मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, की मधे किती सुंदर थांबलीस! मी लाजेनं पुढचा कप गुंडाळायला घेतला.

आठवण ठेव, आणि हे यांना कळू देऊ नकोस.

तुझी,
मामी

दि. ३ मार्च

ती. मामा आणि मामीस,
सा. न. वि. वि.

मामा, मामीनं मला चोरून पत्र लिहिलं होतं. आता फुटलंच आहे, तर तिच्यावर ओरडू नका.

तुमच्या पाठीचा लघुपट मी तयार केला होता. नीटनेटका होता आणि त्यात जीव नव्हता, मामी भिंतीशी बोलतेय असं वाटायचं. मग कपांचा तुकडा पुन्हा काढला. इतके दिवस मी तुमचे ओठ कुठं बंद आहेत तेवढंच शोधत होते. मामी थांबते. डोळे भिरभिरतात आणि तुमच्यावर येऊन टेकतात. तुमचे ओठ हलतात. ती हसते आणि वाक्य पुरं करते. हे नवराबायको किती वर्षं एकत्र राहिलेत ते मला संहितेत काही केल्या लिहिता आलं नव्हतं, ते तिथं आयतं पडलं होतं. मी रडले, मग तुमचा चेहरा सगळीकडे परत आणला.

बाईंनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, की हे तू त्यांच्याकडून कसं करून घेतलंस. थाप मारायचा मोह झाला होता, पण खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, की परीक्षकांचं सांगता येत नाही, दिग्दर्शिका झोपली होती असंही म्हणतील. म्हणोत. चेहरा काढणार नाही, हे माझं ठरलं. पंचवीस तारखेला मोठ्या सभागृहात दाखवणार आहेत, दोघंही या.

भेटीत लोभाचं व्याज वसूल करीन.

तुमची,
भिंगरी

दि. २९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पास झालीस, त्याचे पेढे तिथंच खाऊन झाले, तरी पुन्हा शाबासकी. ते टकले परीक्षक भर सभेत म्हणाले, की हे चुकून झालंय, आणि तू सरळ हो म्हणून मोकळी झालीस! मामीनं तेव्हा माझा दंड इतका दाबला, की अजून दुखतोय.

दारात एक बाई मला थांबवून म्हणाल्या, की तुमचं काम फार आवडलं. त्या कुणाशी बोलताहेत ते बघायला मी मागं वळलो. मागं कुणीच नव्हतं.

काल मंडळात नव्या नाटकाचं वाचन झालं. दिग्दर्शकांनी नेहमीसारखी प्रॉम्प्टिंगची प्रत माझ्या हातात दिली. मी ती परत दिली आणि म्हटलं, की यंदा मला भूमिका हवी. ते हसले, मग माझ्याकडे नीट पाहून हसायचे थांबले. दुसऱ्या अंकात शिडी मागायला येणारा शेजारी मला मिळाला आहे.

विंगेत उभं राहायलाच आवडतं, असं मी तुला लिहिलं होतं. सगळ्यांना तेच सांगत आलो. तसं काही नव्हतं. इतक्या वर्षांत काम करता का म्हणून मला कुणी विचारलंच नव्हतं. तू विचारलंस.

तुझा,
मामा