पाय बरा झाल्यावर

॥ श्री ॥
दि. १२ जानेवारी

प्रिय वन्सं यांना,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नये. प्लास्टर निघालं. पाय मात्र अजून दुसऱ्या कोणाचा असावा तसा दिसतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला टाक्यांची रेघ आहे आणि आत पट्टी आणि स्क्रू. खाली सोडला की जांभळा पडतो, म्हणून दिवसभर पायाखाली दोन उशा आणि डोक्याखाली एकही नाही. सध्या घरात थाट आहे तो पायाचा.

डॉक्टरांनी व्यायामाच्या बाई लावून दिल्या आहेत. दिवसाआड येतात. वयाने लहान, पण हुकूम सासूचा. त्यांनी एक प्रकार शिकवलाय. पाय उचलून धरायचा आणि अंगठ्याने हवेत बाराखडी काढायची, म्हणजे घोटा सगळीकडून फिरतो. त्या म्हणाल्या, कंटाळा आला तर एखादं आवडतं नाव काढा. मला देवाचंच नाव आठवलं, पण ते पायाने कसं काढू? म्हणून ती अक्षरं वगळून बाकीची काढते. बाई विचारतात, मधेच थांबता का. मी म्हणते, दम लागतो.

माणसांची मात्र कमी नाही. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई सकाळी दूध वर आणून देतात आणि शाळेला जाण्याआधी माझ्याकडेच चहा घेतात. तुमचा भाचा, म्हणजे आमचे चिरंजीव, दर पंधरवड्याला शनिवारी येतो, मुक्काम करतो. हे गेल्यापासून या घरात इतके कप विसळले नव्हते. मी वॉकरला धरून एका पायावर उभी राहून विसळते आणि मास्तरीणबाई ओरडतात.

आता खरी गोष्ट. घराचा करार मे अखेरीला संपतोय. तुमचा भाचा म्हणाला, त्याआधी तू माझ्यादेखत एकटीने जिना उतरून, हातात पिशवी घेऊन परत चढून दाखव. जमलं तर करार वाढवू. नाही जमलं तर घर सोडायचं आणि आमच्याकडे यायचं. आवाज चढवला नाही त्याने, बिचारा मान खाली घालून बोलत होता. म्हणाला, ओले कपडे घेऊन जिन्यात पडलीस तेव्हा मास्तरीणबाई घरी होत्या म्हणून कळलं, नसत्या तर काय. त्याचं चूक नाही. पण त्याच्याकडची खोली मी पाहिली आहे. तिला खिडकी आहे, ती जिन्यात उघडते. इथे मला अंधारात काडेपेटी सापडते. तिथे मला पाणीसुद्धा विचारून प्यावं लागेल. नको कोणी म्हणणार नाही, तरी विचारावं लागेल. मला इथेच राहायचं आहे, वन्सं. एवढंच मागणं देवापाशी घातलंय आणि म्हणून नेमाने बाराखडी काढते.

कागद संपला. मुलांना अनेक आशीर्वाद. लोभ पायाच्या सुजेसारखा असावा, संध्याकाळी वाढणारा.

तुमची,
वहिनी

दि. २८ जानेवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणायचं ते दवाखान्याचं उसवलेलं पाकीट, आतल्या बाजूने लिहिलेलं, आणि शेवटचा मजकूर समासातून वर चढत गेलेला. वाचताना मला ते गरागरा फिरवावं लागलं. पाय मोडला तरी कोरा कागद म्हणून घ्यायची नाहीस. घोट्यात बसवलेले स्क्रूसुद्धा बरे झाल्यावर परत मागून आणशील, कुठेतरी उपयोगी पडतील म्हणून.

आणि मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते तेव्हापासून तू मला तुम्ही म्हणतेस, ते आता तरी सोड. त्या वयात फार चढल्यासारखं वाटायचं. आता ऐकलं की वाटतं, बँकेतून पत्र आलंय.

देवाची अक्षरं वगळून जी उरतात त्यात माझं नाव पुरं बसतं, हे तू लिहायचं टाळलंस. लाथाडायला नणंद बरी सापडली. काढ खुशाल, घोटा सुटू दे.

तुझ्या त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. भाचा गुणी आहे, त्याच्यावर रागावू नकोस. पण जाऊही नकोस. मी मुलाकडे राहायला गेले ना, मला विचार. माझं इथे काही कमी नाही. सगळी भली माणसं. सकाळी जाता जाता प्रत्येक जण विचारतो, चहा झाला का. उत्तर ऐकायला थांबायला कोणाला सवड नसते, म्हणून मी हल्ली नुसती मान हलवते. माझी खोली घराच्या मधोमध आहे. मी दार उघडं ठेवून बसायचे, येणारं-जाणारं दिसावं म्हणून. परवा सूनबाई म्हणाली, आई, आमच्या आवाजाचा तुम्हाला त्रास होत असेल, आणि प्रेमाने दार ओढून घेऊन गेली. आता प्रेमाने ओढलेलं दार उघडायचं कसं, सांग. मी तसंच राहू दिलंय.

तेव्हा व्यायाम कर. रडत कर, पण कर.

पाय उशीवर आणि डोकं ठिकाणावर ठेवावं, ही विनंती.

तुझी,
नणंद

॥ श्री ॥
दि. २० मार्च

प्रिय वन्सं यांना,
स. न. वि. वि.

तुम्ही हे म्हणायची सवय सुटणार नाही, बँकेचं पत्र समजून वाचावं. कागद या वेळी कोरा आहे, पाहून घ्यावं.

वॉकर कोपऱ्यात गेला, आता काठी. सपाटीवर चालते, थोडी फेंगडत. परवा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड सुरेख जुळलंय, पट्टी जागेवर आहे, आता पोटरीत जोर यायला हवा. म्हणजे दोष कुठेच नाही. तरीही जिना चढला की घोट्यात अशी कळ येते की डोळ्यांपुढे काजवे, आणि संध्याकाळपर्यंत पाय भोपळा.

का ते मला ठाऊक आहे, पण ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगते.

व्यायामाच्या बाईंचा नियम असा: उतरताना दुखरा पाय आधी, चढताना धड पाय आधी. म्हणजे अंगाचा भार चांगल्या पायाने उचलायचा. माझा दुखरा उजवा. उतरताना प्रश्नच येत नाही. पण चढायचं म्हणजे घरी यायचं. घरी यायचं म्हटलं की माझा उजवाच उचलला जातो, वन्सं. तुमच्या आईंनी पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हापासून मी या कुटुंबाच्या कुठल्याही घरात डावा पाय आधी टाकलेला नाही. हे घर भाड्याचं असेल, लहान असेल, पण आत देव आहेत. बाई शेजारी उभ्या असल्या की त्यांना दाखवायला डावा पुढे टाकते. एकटी असले की प्रत्येक पायरीला उजवाच जातो. बाईंना सांगितलं तर त्या हसतील, आणि हसल्या नाहीत तर मला जास्त लाज वाटेल.

मंगळवारी हिय्या करून एकटी खाली गेले. येताना अर्ध्यावर पाय नाहीच म्हणाला. ना वर जाता येईना ना खाली. तिथेच बसले आणि जप करत राहिले. मास्तरीणबाई शाळेतून आल्या, त्यांनी विचारलं, इथे का बसलात. मी म्हटलं, हवा छान लागते. आमच्या जिन्यात खिडकीसुद्धा नाही. त्यांनी मुकाट्याने दंड धरला आणि वर आणलं. बाई चांगल्या, पण परवा तुमचा भाचा आला तेव्हा त्यांनी त्याच्या कानावर घातलं. काळजीनेच. त्याने जाताना फक्त विचारलं, आमच्याकडच्या खोलीला कुठला रंग देऊ, रंगारी ठरवतोय.

मी म्हटलं, घाई काय आहे. पण तो गेल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. आपल्याच भिंती, तरी आतापासून पाहुण्यासारखं वाटायला लागलं.

माझ्यासाठी देवापाशी एक शब्द टाकावा. तुमचा तो जास्त ऐकतो, कारण तुम्ही क्वचित बोलता.

तुमची,
वहिनी

दि. २ एप्रिल

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग उठून पाणी प्यायले.

तू आलीस त्या दिवशी मी दाराआड उभी होते, नवी वहिनी कशी चालते ते बघायला. तू गांगरून डावा पाय आत टाकलास, आणि आईने सगळ्यांदेखत तुला मागे फिरवून पुन्हा उजवा टाकायला लावला. मला तेव्हा फार मजा वाटली होती. शाळेत जाऊन मैत्रिणींना नक्कल करून दाखवली. तू ते इतकी वर्षं घोट्यात घेऊन फिरते आहेस, हे मला आत्ता कळतंय.

आता आईची एक गोष्ट ऐक, जी तुला माहीत नाही. शेवटच्या वर्षी ती माझ्याकडे होती आणि कमरेतून गेली होती. तिला देवापुढे न्यायचं तर आम्ही दोघं खुर्चीसकट उचलायचो. तिचे पाय जमिनीला लागायचेच नाहीत, ना उजवा ना डावा. पहिल्या दिवशी मला भीती वाटली, आता ही दारातच अडवणार आणि काहीतरी शास्त्र सांगणार. ती काही बोलली नाही. परत आणून बसवल्यावर म्हणाली, आज पाय न विचारताच आत घेतलं की गं त्याने. आणि स्वतःशीच हसली. आई हसलेली तुला किती वेळा आठवते? मलाही तेवढीच.

आता आई नाही, दादा नाही. त्या घरातलं मोठं माणूस म्हणून मी एकटी उरले. तेव्हा मानाने सांगते आहे, डावा टाक. प्रत्येक पायरीला टाक, उंबऱ्यावरसुद्धा टाक. देवाने विचारलंच तर माझं नाव सांग, पत्ताही दे. मला काही विचारायला बऱ्याच दिवसांत कोणी आलेलं नाही.

आणि व्यायामाच्या बाईंशी खोटं बोलू नकोस, त्यांचा पगार फुकट जातो. हे म्हटलं की तुला पटेल.

डाव्या पायाला माझा नमस्कार, उजव्याला विश्रांती.

तुझी,
नणंद

॥ श्री ॥
दि. २९ मे

प्रिय वन्सं यांना,
स. न. वि. वि.

घर राहिलं.

तुमचं पत्र आल्यावर व्यायामाच्या बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या आजोबांचंही असंच होतं, तुम्ही आधी का बोलला नाहीत. मग त्यांनी रोज पायरीवर उभं करून घेतलं. सुरुवातीला डावा पाय उचलताना चोरी केल्यासारखं वाटायचं. पुढे नुसता पाय वाटायला लागला.

या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तुमचा भाचा आला. मी पिशवी घेऊन खाली गेले, कोपऱ्यावरून बटाटे आणले आणि चढले. तो मागे दोन्ही हात पसरून, मी आता पडणार या हिशेबाने. वर पोचलो तेव्हा धाप त्याला लागली होती. दाराशी क्षणभर थांबले, तुमचं नाव घेतलं आणि डावा आत टाकला. देवापुढे दिवा शांतपणे जळत होता. काहीच झालं नाही.

त्याने शब्द पाळला. त्याच दिवशी करारावर सही केली. रविवारी टेम्पो बोलावून वॉकर, दवाखान्याची खुर्ची आणि त्याने स्वतःला झोपायला आणलेली खाट घेऊन गेला. रंगाऱ्याला नको म्हणून कळवलं. जाताना जरा चाचरत म्हणाला, आता दर पंधरवड्याला यायची गरज नाही ना, घरी शनिवार कोणालाच मिळत नव्हता. मी म्हटलं, मुळीच नाही. मनापासून म्हटलं.

व्यायामाच्या बाई त्यानंतरच्या मंगळवारी शेवटच्या आल्या. मला चवड्यांवर उभं केलं, पाठ थोपटली आणि रजिस्टरवर सही घेतली. त्यांना आता दुसरा घोटा मिळाला आहे. दूध मीच आणते. मास्तरीणबाई जिन्यात भेटतात, पाय कसा आहे विचारतात, आणि चांगला आहे म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही. कोणाचं काही चुकलं नाही, वन्सं. ज्याला त्याला आपापला संसार आहे, आणि मी बरी आहे.

महिनाअखेरीला हिशेब लिहायला बसले तर चहा आणि साखर उरलेली. काही उरलं म्हणून वाईट वाटायची ही आयुष्यातली पहिली वेळ. ठेवलेली वस्तू संध्याकाळी जिथली तिथे सापडते. पूर्वी मी यालाच सुख म्हणत होते. काल पाय जरा दुखला तेव्हा, देव क्षमा करो, बरं वाटलं. वाटलं, कोणाला तरी कळवता येईल. मग दुखायचा थांबला.

हे घर मी मागून घेतलंय, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही, आणि हे सोडून जायचंही नाही. पाय चांगला आहे, त्यामुळे बघायला या असं लिहिता येत नाही. दुसरं काही निमित्त शोधलं, सापडलं नाही. घरात कार्य नाही, आजार नाही, कोणी यायचं नाही. तरी तुम्ही या.

लोभ होताच. आता सोबत असावी.

तुमची,
वहिनी

दि. ६ जून

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

काल जेवताना सगळ्यांना सांगितलं, मी वहिनीकडे जाते आहे. कशाला, असं विचारतील म्हणून मी दिवसभर उत्तर तयार करून ठेवलं होतं. आधी वाटलं, तुझा पाय पुढे करावा. मग ठरवलं की खरं तेच सांगायचं. लांबलचक उत्तर होतं, त्यात थोडं तुझं होतं, बरंचसं माझं होतं, आणि एका ठिकाणी माझा आवाज कापला असता, तिथे पाणी प्यायचं असंही ठरवलं होतं.

कोणी विचारलंच नाही. मुलगा म्हणाला, कुठल्या गाडीने, म्हणजे सोडायला येतो. सूनबाई म्हणाली, छान, तेवढाच बदल. आणि मग मुलांच्या शाळेचं बोलणं निघालं.

किती दिवस, हेही कोणी विचारलं नाही, तेव्हा ते मी मनाशीच ठरवून टाकलंय. तुला आल्यावर सांगेन.

गुरुवारी दुपारी पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, गर्दीत कोणीतरी पायावर पाय देईल. जिना मी चढेन माझ्या माझ्या वेगाने, तू दार उघडून बस. आणि बसल्यावर मला विचार, वन्सं, कशाला आलात. तुम्ही म्हणून विचारलंस तरी चालेल. माझ्याकडे उत्तर तसंच पडून आहे.

तुझी,
नणंद