नळी निसटली तेव्हा

सोम. ३ नोव्हें.
१. बालरुग्ण वॉर्ड. मी आणि स्नेहल खाटेच्या दोन बाजूंना. एकाच बाळावरचे उपचार बघायचे, आपापले गुण द्यायचे, एकमेकींचा कागद बघायचा नाही.
२. बाळाला न्यूमोनिया. ऑक्सिजन चालू.
३. नाकातली नळी निसटली. शबाना सिस्टर पलीकडच्या खाटेशी.
४. स्नेहलनं उठून नळी बसवली.
५. ‘ऑक्सिजन सलग मिळाला का?’ नंतर कागद जुळवले: तिचं उत्तर हो. माझं नाही.
निरीक्षकानं हात लावायचा नाही, सिस्टरला हाक मारायची. नियम तिलाही पाठ आहे.

मंगळ. ४
आमचं काम बघणाऱ्या सरांचा फोन. गुण का जुळले नाहीत ते दोघींनी बोलून मिटवा, म्हणाले. पुढच्या महिन्यापासून जिल्ह्यातल्या निरीक्षकांना शिकवायला आमच्यापैकी एकच बुलढाण्याला जाणार. कोण, ते याच कामावरून.
मला जायचं आहे. इथे लिहायला हरकत नाही.
तिनं हात लावला हे सरांना माहीत नाही. एक ओळ कळवली की झालं. नियम माझ्या बाजूनं आहे.

बुध. ५
चहा. शबाना सिस्टर पहिला कप स्नेहलला देते. “या, परीक्षावाल्या आल्या. एक बोलते, एक लिवते.” सगळे हसले. सर्वांत जास्त स्नेहल.
‘आईला समजेल असं सांगितलं का?’ हा प्रश्न तपासणीत मी घातला. आया मात्र तिच्याशी बोलतात. “काय वं माय, जेवली का?” एवढं ती म्हणते आणि बाई सरकून तिला खाटेवर जागा करून देते. मला उभ्यानं “मॅडम”. मी देऊळगाव राजाची, आमची बोली वेगळी. तेच वाक्य घरी भांडी घासताना म्हणून पाहिलं. नाटकी वाटलं.
तिची ओढणी दिवसभर जागेवर राहते. हे कशाला लिहिलं…

शुक्र. ७
वॉर्डात एकटी गेले. बाळाचा ऑक्सिजन काढलाय. मुठीत बिस्किटाचा चुरा. आई वरवट बकालची.
“त्या ताई नाही आल्या?”
“नाही. मी आहे.”
“हाव, तुमीबी होत्या ना मॅडम. तुमी तं त्यायच्याकडेच पाहून राह्यल्या होत्या. बहीण हाय काय तुमची?”
“नाही.”
“मले वाटलं. माह्या बहिणीनं नवी साडी घेतली की मी तिच्याकडे अशीच पाह्यतो.”
ती हसली. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं.

शनि. ८
कागद पुन्हा वाचला. ‘नळी निसटली’ असं मी लिहिलंय. निसटताना पाहिली नाही. स्नेहलचं स्टूल वाजलं तेव्हा बाळाकडे नजर गेली. त्याआधी तिचं पेन बघत होते. किती वेळ, ते सांगता येत नाही.
नळी निघाल्याबरोबर तिनं बसवली असेल तर तिचं ‘हो’ चालेल. बराच वेळ निघालेली असेल तर माझं ‘नाही’. आणि तसं असेल तर तेवढा वेळ आम्ही दोघी तिथेच…
तिनं हात लावला, हे तरीही खरं. सरांना कळवणं चूक नाही. पण ती ओळ लिहायला बसले की इतकी भरभर सुचते, की त्या ओळीवरच भरवसा वाटत नाही.
खरं काय ते विचारायला एकच माणूस आहे. नेमकं तिलाच विचारायचं नाहीये.

रवि. ९
सकाळी स्नेहलला पाठवलं. इथे उतरवून ठेवते:
“स्नेहल, सोमवारच्या नोंदीबद्दल. नळी निसटताना तू पाहिलीस का, की नंतर लक्षात आलं? सिस्टरना हाक का मारली नाहीस? आणि तेव्हा मी कुठे बघत होते, हे तुला दिसलं असेल तर तेही लिही. सरांना मी अजून काही कळवलेलं नाही. बुधवार, १२ तारखेपर्यंत उत्तर दे.”