कळंबोलीचा वाचक

३ नोव्हेंबर
आजपासून रोज दोन बातम्या. 'खाडीपार टेक' म्हणजे नवी मुंबईतल्या टेक्नॉलॉजी आणि उद्योगांचं मराठी पोर्टल. संस्थापक, संपादक, फोटोग्राफर मीच. माझी बायको सुचित्रा म्हणते, महिनाअखेर दिवसाला शंभर वाचक झाले नाहीत तर अभिरामच्या, म्हणजे तिच्या भावाच्या, कळंबोलीच्या लोखंडाच्या गोदामात कामाला लागायचं. पगार तिचाच येतो, म्हणून ऐकून घेतलं. शंभर काय, सहज होतील. आज सहा.

७ नोव्हेंबर
बातमी एकही नाही. वायफाय बंद. पण वाचकांच्या आकड्यांत एक शोध लागला. कळंबोलीतून कोणीतरी रोज सकाळी बरोबर दहाला पोर्टल उघडतो. रविवारी नाही. शिस्तीचा माणूस. बहुधा गुंतवणूकदार.

१४ नोव्हेंबर
जासईला देवजी नावाच्या मासळीवाल्यांकडे गेलो. जुन्या कंटेनरमध्ये मासळीसाठी कोल्ड स्टोरेज केलंय. गारवा कमी झाला की घंटा वाजते. 'एआयवर चालणारं कोल्ड स्टोरेज' अशी हेडलाइन तिथेच टाकली. निघताना घंटेचं विचारलं. त्यांच्या बायकोने, रखमाताईंनी, सांगितलं की मशीन कसला, हात घालून बघनारी नि घंटा वाजवनारी मीच हाय. हेडलाइन बदलली नाही. वाचक चार. रखमाताईंना वाचून दाखवलं, त्या पाचव्या.

२१ नोव्हेंबर
सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली. सेक्रेटरी म्हणाले, इथे फक्त पाण्याच्या वेळा. आता भीती वाटायला लागली आहे. कळंबोलीकर मात्र दहाला हजर. खास त्याच्यासाठी अग्रलेख लिहिला, खाली माझा नंबर दिला. दिवसभर फोन हातात. एकच आला, गॅसवाल्याचा.

२९ नोव्हेंबर
वाचक दोन. त्यातला एक मी. सुचित्राला म्हटलं, शंभर उडाणटप्पूंपेक्षा एक निष्ठावंत बरा. ती माझा शर्ट इस्त्रीला देऊन आली. बाथरूममध्ये जाऊन रडलो. पण कळंबोलीला जायचंच आहे तर त्या माणसाला शोधून काढणार. तो हे बंद पडू देणार नाही.

१ डिसेंबर, सकाळी १०.१५
गोदामात रुजू. दहाला अभिरामने ऑफिसचा कॉम्प्युटर चालू केला, इंटरनेट उघडलं. समोर 'खाडीपार टेक'. ऊर भरून आला.

मग आठवलं. लक्ष्मीपूजनाला सगळे या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून प्रसादाला वळले, तेव्हा इंटरनेट उघडलं की पहिलं माझंच पान यावं, अशी सोय मीच करून ठेवली होती.

अभिराम म्हणाला, दाजी, दिवाळीपासून रोज हे काय उघडतंय, बंदच करता येत नाही. तुम्हाला यातलं कळतं, तर पहिलं काम हेच करा.

दोन मिनिटांत केलं. फार खूश झाला. चहा सांगितला.