मागच्या चाकांचे ब्रेक

प्रिय दादा,

एका घरात एकानं शिकायचं म्हणजे दुसऱ्यानं थांबायचं, हे कुणी ठरवलं? बाबा गेले तेव्हा तू शाळा सोडून गॅरेजात लागलास आणि मी घरातली पहिली पदवीधर झाले. आता कुठे तू कारखान्याच्या प्रशिक्षणाला गेलास, तर परवा फोनवर म्हणतोस, व्हॅनचे मागचे ब्रेक घासतायत ना, मी कोर्स सोडून येतो. आई त्या गाडीतून रोज शाळेची मुलं नेते, म्हणून तुझी काळजी खरीच. पण तुझं येणं मला पटलं नाही.

रविवारी ते ब्रेक आम्ही अंगणात बदलले. हो, मी आणि आईनं!

पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, गाडी जॅकनं उचलून स्टँडवर ठेवली. डाव्या चाकामागचा ब्रेकचा गोल ड्रम गंजून असा चिकटला होता की ठोकून ठोकून माझे खांदे भरून आले. आई शेजारी उभी राहून म्हणत होती, पदवीधरबाई, जरा जोर लावा, तो प्रमाणपत्र बघून निघायचा नाही. आतले ब्रेक शू, पुढचा आणि मागचा, दोन्ही पार झिजले होते. काढण्याआधी मी फोटो घेतला आणि त्याबरहुकूम नवे बसवले. स्प्रिंग हातातून निसटून बादलीत पडायची, आई ती काढून द्यायची.

मग उजवी बाजू. तिथंही तोच फोटो समोर ठेवून सगळं जसंच्या तसं बसवलं आणि ऐटीत उभी राहिले. पण हँडब्रेकची केबल काही केल्या पोचेना. तुला फोन लावायला मोबाइल उचलला, तसाच खाली ठेवला. गाडीभोवती चकरा मारल्या तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. डावीकडे उभं राहिलं की गाडीचं तोंड आपल्या डाव्या हाताला येतं, उजवीकडे उजव्या. फोटो बघून मी पुढचा शू मागं लावला होता आणि मागचा पुढं! सगळं पुन्हा उघडलं. आई हसता हसता पायरीवर बसली.

चाचणीला तिनं मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आधी अंगणातच हळू चालवून पाहिली, मग समोरच्या उतारावर नेली. तिनं पाय दाबला आणि गाडी सरळ, आवाज न करता थांबली. आई खाली उतरली आणि शेजारच्या काकूंना हाक मारून म्हणाली, अहो, बघितलंत का, आमच्या पोरीनं ब्रेक बसवले! सोमवारी मुलं घेऊन ती नेहमीसारखी गेली आणि आली.

आता हे सगळं का सांगतेय ते ऐक. गॅरेजवाल्या काकांनी तुझी जुनी जागा अजून राखून ठेवली होती. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, दादा येणार नाही, त्याला शिक्षण पुरं करायचंय, जागा दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, अगं, त्याला विचारलंस तरी का? नाही विचारलं, म्हटलं. तू चिडशील, खुशाल चीड. आज सकाळपासून तिथं नवा माणूस कामाला लागलाय.

तुझीच,
घरातली मास्तरीण