सांडव्यावरची पोती

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज अजून दोन थर चढले. आता सांडव्यावर कमरेएवढी भिंत झाली — मातीनं भरलेल्या पोत्यांची. साठ पोत्यांची तोंडं मी एकटीनं शिवली, बोटं सोलवटली. तलाव भरला की जादा पाणी या सांडव्यावरून जातं. तीच वाट आम्ही बुजवली. गावाला सांगितलं, उन्हाळ्याला पाणी राहील. ते खोटं नाही. पण सगळं खरंही नाही. सांडव्याखालच्या ओढ्यात आमची डाळिंबाची बाग आहे, चारशे झाडं. चौदा वर्षांत हा सांडवा एकदाही वाहिला नाही, म्हणून ह्यांनी ओढ्यातच बाग लावली. आटपाडीकडं कोरडा ओढा कोण रिकामा सोडतो?

२१ सप्टेंबर, रविवार

दिवसभर पाऊस. असा पाऊस या भागाला ठाऊक नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. पाणी पोत्यांना टेकलं. अख्खं गाव तलावाच्या भरावावर, मातीच्या बांधावर, जो तो मोबाइलवर फोटो काढतोय. "तानाजीनं काम केलं गड्या!" असं लोक म्हणत होते आणि ह्यांची मान ताठ झाली होती. मलाही बरं वाटलं, कबूल करते.

माझी अंगणवाडी भरावाच्या खालच्या वस्तीत. अकरा घरं, सतरा पोरं. तिथून परतताना भरावाच्या पायथ्याशी चप्पल रुतली. पायाखाली ओल. ह्यांना सांगितलं तर हसले. "पाझर तलाव हाय, पाझरणारच की. नावच त्ये हाय."

२३ सप्टेंबर, मंगळवार

सासऱ्यांना, आबांना, ती जागा दाखवली. शहाऐंशी साली दुष्काळी कामावर हा भराव घालायला ते स्वतः होते. मेंढरं बांधावर सोडून उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतलं, बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "निवळ हाय तवर भिऊ नगं. गढूळ आलं तर आतली माती निघाया लागली म्हणायचं. मग थांबायचं न्हाई, पोरी."

घरातली काचेची बाटली नेऊन भरली. निवळ. आज झोप लागेल.

२४ सप्टेंबर, बुधवार

बाटली — निवळ.

बागेत जाऊन आले. फळं मुठीपेक्षा मोठी झालीत, लाली धरतायत. तोडणीला दीड महिना फक्त.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बाटली — निवळच म्हणायची. आबांनी विचारलं तर तेच सांगितलं.

(संध्याकाळी.) खोटं लिहिलं. तळाशी बोटभर माती बसली होती. बाटली नीट विसळली नसेल असं मनाला सांगितलं. मग विसळून परत का भरली नाही? बागेपायी. माझी मलाच लाज वाटते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बाटली चहासारखी! पायथ्याला पाझरणारा झिरा मनगटाएवढा झालाय आणि माती घेऊन येतोय.

पाटबंधारेच्या ऑफिसला फोन लावला. साहेब दुसऱ्या तलावावर अडकलेत, दोन-तीन दिवस लागतील, तोवर वस्ती हलवा, असं उत्तर. घरोघर फिरले. राहीबाई उंबऱ्यातच बसली होती. "शेरडं घिऊन कुटं जाऊ? आन तुजाच नवरा म्हंतोय काय हुत न्हाई."

जेवताना ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण.

"पोती काढूया."

"काढ आन बाग व्हवून जाऊ दे. लेकरावानी वाढवलीय ती."

"आवं, खाली सतरा लेकरं हायत. ती कुणाची?"

ताट सरकवून उठले. आबा मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिले. मला त्यांचाही राग आला.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी सातला विळा घेऊन एकटी गेले. पोती भिजून दगड झालेली, एकही हलेना. मग कापायलाच लागले. कडेकडेनं, वरून खाली — मी घरातून निघताना आबांनी एवढंच सांगितलं होतं. मीच घातलेली शिवण मीच फाडत होते. रडत होते आणि ह्यांना तोंडाला येईल ते बोलत होते. हे भरावावर उभे. आले नाहीत, अडवलंही नाही. थोड्या वेळानं राहीबाई आली, मागं वस्तीतल्या आणखी तिघी. पदर खोचून त्याही पोती ओढायला लागल्या.

नऊपर्यंत दोन हात वाट मोकळी झाली. पाणी ओढ्याला लागलं. डाळिंबांची पहिली रांग बघता बघता आडवी झाली. पुढं बघवलं नाही, पाठ फिरवून बसले.

दिवस मावळेतो तलाव कमरेभर उतरला, झिरा करंगळीएवढा झाला. वस्ती जागेवर आहे.

हे जेवले नाहीत. मीही नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

अंगणवाडीत सतराच्या सतरा पोरं हजर. दोनदा मोजली.

दुपारी राहीबाईनं वस्तीसमोर माझी ओटी भरली. "सोताची बाग बुडवून आमाला राखलंस, माया." नको नको म्हणत होते, पण आतून फुगले होते. घरी आले तर हे ओसरीवर. तोंड वर न करता म्हणाले, "बरं केलंस." चार दिवसांतलं पहिलं वाक्य. वाटलं, माणूस झाडांचं दुःख गिळतोय. पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

३० सप्टेंबर, मंगळवार

साहेब आले. पायथ्याशी ओलीच्या जागी फावड्यानं खणायला लावलं. हातभर खाली काळी पाइप लागली. एक टोक भरावातून आरपार तलावात, दुसरं आमच्या बागेकडं. तिच्याच कडेनं माती वाहत होती. चार वर्षांपूर्वी मी बाळंतपणाला माहेरी होते. परत आले तेव्हा हे म्हणाले होते, बागेच्या विहिरीला पाणी वाढलंय. ते पाणी या पाइपचं होतं.

"कुणाची पाइप आहे ही?" साहेबांनी विचारलं. सगळी वस्ती उभी होती. हे माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, "आमची."