टायफॉइड म्हणायचं ठरलं होतं

आइंडहोवन, ३ फेब्रुवारी २०२५

ती. दादांना चारुताचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसाल. हार्लेम काही सातासमुद्रापलीकडे नाही. पण फोनवर तुम्ही ‘होईल ठीक’ म्हणून विषय बदलता, आणि माझे मेसेज श्रीहर्ष वाचतो. उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा.

तुमचा हा धाकटा भाऊ तीन आठवडे धड झोपलेला नाही. कामावर जात नाही. चांगली सायकल शेजाऱ्याला देऊन टाकली. परवा घरातल्या सगळ्या किल्ल्यांना मराठीत चिठ्ठ्या लावल्या, मला सापडाव्यात म्हणून. एकाच किल्लीला चिठ्ठी नाही, पिस्तुलाच्या तिजोरीच्या. ती तो गळ्यात घालून फिरतो. चार वर्षांपूर्वी शूटिंग क्लबचा परवाना मिळाला तेव्हा मीच ऑफिसात पेढे वाटले होते. आता कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

मी एकटीच हाउसआर्ट्सकडे, आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यांना गुप्ततेचं बंधन आहे, पण घरच्यांनी पोलिसांना कळवलं तर पोलिस शस्त्र काढून नेऊ शकतात. परवान्याच्या अर्जावर ओळखीचा माणूस म्हणून तुमचं नाव आहे. मला एकटीला धीर होत नाही. तुम्ही बोलाल का?

मंजूषावहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो या वेळी उपयोगी पडावा.

आपली,
चारुता

हार्लेम, ६ फेब्रुवारी

चि. सौ. चारुतास अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू मुळातच घाबरट, पाल चुकचुकली तरी देव पाण्यात घालून बसणारी. हर्ष आमचा मनाला लावून घेतो एवढंच. विसाव्या वर्षी टायफॉइडमधून उठला तेव्हाही महिनोन्‌महिने असाच गप्प होता. ऊन पडायला लागलं की माणूस बदलतो, इथला फेब्रुवारी भल्याभल्यांना खातो.

घरची धुणी चव्हाट्यावर धुवू नयेत. एकदा पोलिसांच्या कागदावर ‘मानसिक’ असा शब्द चढला की तो पुसला जात नाही. त्याची नोकरी आहे. आमच्या पद्मजाचं लग्न पुण्यात जमत आलंय, ती मंडळी चार ठिकाणी चौकशा करताहेत. पुढच्या महिन्यात आम्ही येतोच. तोवर त्याला वरणभात खायला घाल.

काळजी करू नकोस. माया आहे, ती राहू दे.

तुझा,
दादा

आइंडहोवन, ८ फेब्रुवारी

ती. दादांना सा. न.

पुढच्या महिन्याचं कोणी सांगितलंय?

काल मृण्मयीला पोहण्याच्या क्लासहून आणताना त्याने तिच्याकडून वचन घेतलं, आईला त्रास द्यायचा नाही. घरी आल्यावर पोरीने मला डचमध्ये विचारलं की बाबा कुठे जाणार आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला कळतं, दादा.

डॉक्टरीणबाईंनी आधीचं आजारपण विचारलं. मी टायफॉइड सांगितला. नक्की टायफॉइडच का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या डाव्या मनगटावरची खूण सलाइनची, असं सासूबाईंनी लग्नात सांगितलं होतं. मी पंधरा वर्षं ती खूण बघत आलेय. ती कशाची आहे, मी देवापुढे कशासाठी हात जोडू, ते एकदा खरं सांगा. तुमच्या पाया पडते.

चारुता

हार्लेम, ११ फेब्रुवारी

चि. चारुतास,

खूण सलाइनची नाही.

तीन महिने तो पुण्यात मनोरुग्णांच्या दवाखान्यात होता. टायफॉइड म्हणायचं ठरलं होतं, बाबांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून ठरवलं. तुझ्या माहेरीही तेच सांगितलं. इतक्या वेळा म्हणालो की मला स्वतःला त्याच्या तापाचे आकडे आठवायला लागले. चार वर्षांपूर्वी इथल्या पोलिसांनी मला विचारलं, याला पूर्वी कधी मानसिक त्रास झालाय का. मी क्षणाचाही विचार न करता नाही म्हणालो. ते पिस्तूल तुझ्या घरात मी आणून ठेवलंय, बाई.

तुझं पत्र मिळाल्यावर तासाभरात पोलिसांना फोन केला. तेव्हा खोटं बोललो हेही सांगितलं. मंजूषा रडतेय, पद्मजाचं काय ते होईल. आज ते तुझ्याकडे येतील. पत्र पोचेल तेव्हा येऊन गेलेले असतील. तरी लिहितोय, कारण हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं.

आशीर्वाद देण्याच्या लायकीचा राहिलो नाही. जमलं तर क्षमा कर.

दादा

आइंडहोवन, १४ फेब्रुवारी

ती. दादांना सा. न. वि. वि.

मंगळवारी संध्याकाळी दोघे पोलिस आले. दारात बूट काढू का म्हणून विचारलं. तुमचा फोन आल्याचं आणि तुम्ही जुनं सगळं खरं सांगितल्याचं त्यांनी मला तिथेच हळूच सांगितलं. श्रीहर्षने गळ्यातली किल्ली काढून स्वतः तिजोरी उघडली. एका शब्दानेही वाद घातला नाही. पिस्तूल आणि गोळ्यांच्या पेट्या त्यांनी यादीवर टिपून घेतल्या. कोणी कळवलं असं त्याने मला विचारलं, मी म्हणाले दादांनी. मग दादांनी खरं सांगितलं का, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले.

ते निघाले तेव्हा त्याने त्यांना थांबवलं. आत गेला, देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या पाटाखाली हात घातला आणि एक गोळी आणून त्यांच्या हातावर ठेवली. ही राहिली होती म्हणाला.

दादा, तिथे मी रोज दिवा लावत होते.

आता तो दवाखान्यात आहे, स्वतःच्या पायाने गेला. काल विचारत होता, दादा कधी येणार. पत्र नको, फोन नको. पुढच्या शनिवारी या. पाया पडायला मी आहेच, आशीर्वाद घेऊन या.

आपली,
चारुता