मी वाचवलेलं विटांचं घर

३ मार्च, सकाळी साडेआठ
पत्र आलं. आमचं घर हेरिटेजच्या यादीत. १८ मे रोजी पुढच्या भिंतीवर पाटी लागणार. हे होणारच होतं. नऊ वर्षांपूर्वी दादा हे घर पाडून फ्लॅट बांधायला निघाला होता. मी एकटा आडवा पडलो, म्हणून ते उभं आहे. तेव्हापासून आम्हा भावांत बोलणं नाही.
संकल्प: घराचा समग्र इतिहास लिहायचा. तीनशे पानं, रोज चार. सहज होतील.
हिला सांगितलं. पाटी लागली की बाथरूम गळायचं थांबेल का, असं तिने विचारलं.

४ मार्च
जाड वही आणली. पहिल्या पानावर नाव घातलं. माझं. टेबल खिडकीशी हलवलं. डोळ्यांवर उजेड येतो. परत हलवलं. आता जिन्याची वाट अडते.

९ मार्च
लेखन उद्यापासून. आधी निरीक्षण. पुढच्या भिंतीत एक वीट लांब बाजूने, एक आखूड बाजूने, अशी आलटूनपालटून रचना. खिडक्यांवर विटांच्या कमानी. छपराखाली विटांचीच दातेरी पट्टी. एखाद्या नामांकित आर्किटेक्टचं काम, उघड आहे. शेजारचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर म्हणाले, अशी रचना जुन्या घरांत सगळीकडे असते. मास्तर स्वतः काँक्रीटच्या घरात राहतात. समजू शकतो.

२१ मार्च
पानं: दीड. बसवत नाही. जिना अकरा वेळा चढलो-उतरलो. पायऱ्या सतरा. एकदा सोळाच भरल्या. दोन्ही आकडे टिपून ठेवलेत.

२ एप्रिल
विटांच्या सांध्यांतला चुना बोटाने निघतोय. अशा भिंतीवर पाटी? गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, चुनाच भरायचा, सिमेंट नको, ओल कोंडून वीट फुटते. शिवाय तो महिनाभर मोकळा नाही. महिना कोण थांबतो. स्वतःच करणार. सिमेंटने.

५ एप्रिल, दुपार
दरवाजाची डावी बाजू भरून झाली. झकास दिसते. कंबर धरली. उजवी बाजू तूर्त जुन्या स्वरूपात जतन करावी असं ठरवलं.

१७ एप्रिल
हेरिटेज खात्याच्या बाई आल्या. तिशीच्या असतील. सिमेंटकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग हे कोणी केलं असं विचारलं. चौकशी करतो म्हणालो. छिन्नीने, हलक्या हाताने, सगळं काढा म्हणाल्या. पाटीच्या आधी.
मी आर्किटेक्टचं नाव विचारलं. आर्किटेक्ट नाहीच. वीटभट्टीवाल्यांनी घरांच्या नमुन्यांचं कॅटलॉग छापलं होतं, त्यातलं हे चौदा नंबरचं घर. भट्टीवरच्या मुकादमांसाठी या रस्त्यावर अशी अकरा बांधली. दहा पाडली गेली. एकच उरलं, म्हणून ते यादीत. बाकी सगळं फाइलमध्ये आहे, येऊन बघा, म्हणाल्या.
दहा पडली, अकरावं मी वाचवलं. पुस्तकाची सुरुवात सापडली.

२४ एप्रिल, हेरिटेजच्या कचेरीतून आल्यावर
फाइल बघितली. घर यादीत घ्यावं म्हणून अर्ज झाला तीन वर्षांपूर्वी. अर्जदार: दादा. अकरा पानं, त्याच्या अक्षरात. प्रत्येक खिडकीचं माप, प्रत्येक कमानीचं चित्र.
हरकती: एक. घर दमट, अंधारं, गैरसोयीचं असून पाडण्याच्याच लायकीचं आहे, चांगला बिल्डर तयार आहे, तरी नसती भानगड लावू नये. खाली माझं नाव.
तेव्हा कसलीशी नोटीस आली होती खरी. मला वाटलं नवा टॅक्स. अक्षर माझ्यासारखं आहे. सहीसुद्धा बरीचशी.

२५ एप्रिल
सकाळपासून घरात फेऱ्या. शेवटी हिला विचारलं, दादा मापं घ्यायला आला कधी. तुम्ही पेन्शनच्या कामाला गेला होतात त्या मंगळवारी, म्हणाली. टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं. मला का नाही सांगितलं? तुम्ही विचारलं नाहीत.
पुढे म्हणाली, नऊ वर्षांपूर्वी बिल्डरला चहाला तुम्हीच बोलावलं होतंत. दादांनी सही दिली नाही, त्यावरून तुम्ही बोलणं टाकलंत.
हिची स्मरणशक्ती चांगली आहे. तरी एकच बाजू ऐकून मत बनवणं बरं नव्हे. दुसरी बाजू काय ते आठवतोय.

३० एप्रिल
दादाला पत्र लिहायला घेतलं. झालं गेलं ते मी मनात ठेवलेलं नाही, अशी सुरुवात केली. फाडलं. चूक दोघांचीही असू शकते. फाडलं. घराला यंदा ओल फार आहे. हे फाडलं नाही. पाठवलंही नाही.

१० मे
सिमेंट काढून संपलं. दोन विटांचे कोपरे उडाले. इतिहासाची पानं: दीड. भाषण मात्र तयार आहे. पंचवीस मिनिटांचं. बिल्डरचा भाग वेळेअभावी गाळला.

१८ मे, संध्याकाळ
पाटी लागली. माणसं चाळीसेक. दादा आला. डोक्यावरचे सगळे केस पांढरे, हातात काठी. कोणी सांगितलं नव्हतं मला. मी खुर्ची पुढे केली, तो बसला. बस्स.
बाईंनी आधी अर्जदाराला बोलायला सांगितलं. माझी हरकत असलेली फाइल त्यांच्या मांडीवर. दादा काठीवर भार देऊन उठला. म्हणाला, मी नुसते कागद केले. धाकटा इथे राहिला, रोज खिडक्या उघडल्या, दिवा लावला. रिकामी पडली ती दहा घरं गेली. हे याच्यामुळे राहिलं.
मग माझं नाव पुकारलं. उठलो. कागद खिशातून निघेनात. दादा म्हणाला ते बरोबर, एवढं म्हणालो आणि खाली बसलो. ते बरोबर नाही हे तिथे चौघांना ठाऊक होतं. दादा, ही, बाई आणि मी.

१९ मे
बाहेर जावंसं वाटत नाही, आत बसवत नाही. भाषण पुन्हा वाचलं. लांब आहे.
दादा रविवारी जेवायला येणार आहे. मी घरी असेन का, हे त्याने फोनवर हिला विचारलं. मला नाही. असतील, असं हिने परस्पर सांगून टाकलं.
म्हणजे असेन.